तेराचा पाना, अर्ध्याचा बोल्ट

रॉबर्ट पिर्सिग यांच्या ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’ (१९७४) या पुस्तकात सुरुवातीच्या भागातच एक यादी येते. मोटरसायकलवरून लांबच्या प्रवासाला निघताना काय काय सोबत घ्यावं याची ती यादी. कपडे, स्वयंपाकाची भांडी, पुस्तकं आणि मग हत्यारं. गाडीच्या सीटखाली येणारा पान्यांचा संच असतोच. त्याच्या जोडीला एक मोठा ॲडजस्टेबल पाना, हातोडा, छिन्नी, पंच, टायर लिव्हर, इम्पॅक्ट ड्रायव्हर, फीलर गेज, टेस्ट लॅम्प. या पुस्तकावर बोलताना लोक ‘क्वालिटी’वर बोलतात, फीड्रसवर बोलतात, बाप-लेकाच्या नात्यावर बोलतात. या यादीवर कुणी थांबलेलं मी पाहिलं नाही. मीही पहिल्या वाचनात थांबलो नव्हतो.

दुसऱ्या वाचनात थांबलो, कारण तोपर्यंत मी एक जुनी जीप विकत घेतली होती. नव्वदच्या दशकातली महिंद्रा एमएम ५४०, फोर-व्हील ड्राइव्ह. ती गावच्या घरासमोर उभी असते आणि महिन्यातले दोन शनिवार-रविवार मी तिच्या खाली असतो. कोणती हत्यारं घ्यावीत हा माझा त्या वर्षातला सगळ्यात मोठा प्रश्न होता आणि त्याचं उत्तर मी पुस्तकांत शोधत होतो. पिर्सिग पुढे एका प्रकरणात हत्यारांविषयी थेट सल्लाही देतात: ऐपतीप्रमाणे चांगली हत्यारं घेत जा, पश्चात्ताप होणार नाही. हलक्या नव्यापेक्षा चांगलं जुनं बरं. कॅटलॉग वाचा. हत्यार चुकीचं असलं की माणसाचा धीरच खचतो.

सल्ला खरा आहे. पण तो पाळताना मला जे कळलं ते पुस्तकात नव्हतं. म्हणून हे पुस्तक आणि त्याच वाटेवरचं मॅथ्यू क्रॉफर्ड यांचं ‘शॉप क्लास ॲज सोलक्राफ्ट’ (२००९) ही दोन्ही पुस्तकं मी गाडीखाली आडवा पडून पुन्हा वाचली, असं म्हणायला हरकत नाही.

१

मी पहिल्यांदा घेतली ती पेटी. शंभरावर नग असलेली, प्लास्टिकच्या साच्यात प्रत्येक नगाची खाच असलेली. अशी पेटी उघडली की वाटतं, आता काहीही उघडता येईल. पण ही पेटीसुद्धा एक मजकूर आहे आणि तो टीकेने वाचायला हवा. नगांची संख्या कशी भरते पाहा: स्क्रू-ड्रायव्हरची बारीक टोकं चाळीस-पन्नास, ॲलन की दहा-बारा, पाव इंची रॅचेटच्या चिमुकल्या गोट्या डझनभर. जीपच्या खाली यातलं फारसं काही लागत नाही. जे लागतं ते, म्हणजे अर्धा इंची रॅचेटवरच्या मोठ्या गोट्या, लांब दांडा, रिंग पाने, त्या पेटीत मोजकेच असतात किंवा नसतातच. पेटी कुठल्याच एका गाडीसाठी बनवलेली नसते. ती ‘गाडी’ नावाच्या सरासरी कल्पनेसाठी बनवलेली असते.

आणि माझी गाडी सरासरी नाही. महिंद्राने १९४७ पासून मुंबईत विलीसच्या जीप जुळवायला सुरुवात केली. एमएम ५४० ही त्याच घराण्यातली. तिचे ॲक्सल, ट्रान्स्फर केस, चासीवरचे बरेचसे नट-बोल्ट अमेरिकी वळणाचे, म्हणजे इंचात. पण बॉनेटखाली जे डिझेल इंजिन आहे ते मूळ पेजो या फ्रेंच कंपनीचं, एक्सडीपी ४.९०. चार सिलिंडर, ९० मिलिमीटर व्यासाचे; नावातच माप आहे आणि ते मिलिमीटरमध्ये आहे. म्हणजे वरून वाकलात तर फ्रान्स, खाली झोपलात तर अमेरिका. त्यात गेल्या तीस वर्षांत ज्या ज्या गॅरेजवाल्याने हरवलेल्या बोल्टच्या जागी हाताला येईल तो बोल्ट घातला, त्यांनी आपापली भर टाकली आहे. भारताने वजनमापांचा कायदा १९५६ मध्ये केला आणि देश मेट्रिक झाला. जीपला कुणी कळवलं नाही.

ही गंमत म्हणून सांगायला बरी आहे. हाताखाली मात्र तिची किंमत मोजावी लागते. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, त्यावर एकोणीसचा पाना बिनधास्त चालतो. पाच अष्टमांश इंच म्हणजे १५.८८, त्यावर सोळाचा चालून जातो. म्हणून माणसाला वाटायला लागतं की इंच आणि मिलिमीटर हा पुस्तकी भेद आहे. मग येतो अर्धा इंच: १२.७ मिलिमीटर. बाराचा पाना बसत नाही, तेराचा बसतो. बसतो, पण ०.३ मिलिमीटर ढिला. हलक्या हाताने फिरवला तर काही होत नाही. गंजलेल्या बोल्टवर जोर लावला की पाना बोल्टच्या सपाट बाजूंवर न टेकता फक्त कोपऱ्यांवर टेकतो, कोपरे चिरडतात आणि षट्कोन गोल होतो.

मी तेच केलं. मागच्या डिफरन्शिअलच्या झाकणाचा बोल्ट. तेराचा फिक्स पाना. पहिल्या झटक्यात पाना घसरला, दुसऱ्या झटक्यात बोटांची सालं निघाली, तिसऱ्या झटक्यानंतर बोल्टचं डोकं गोल झालं.

२

पिर्सिग यांच्या पुस्तकात नेमका असाच एक अडकलेला स्क्रू आहे. बाजूच्या झाकणाचा एक क्षुल्लक स्क्रू निघत नाही, त्याची खाच फाटते, आणि त्या एका स्क्रूपायी अख्खी मोटरसायकल निरुपयोगी होते; मग त्या स्क्रूची किंमत मोटरसायकलएवढी होते. त्यांचं म्हणणं असं की हे अडकणं वाईट नाही. इथे माहीत असलेली उत्तरं संपतात आणि माणूस पहिल्यांदा त्या वस्तूकडे खरोखर पाहायला लागतो. पुस्तकातला हा सर्वांत सुंदर भाग आहे असं मला अजूनही वाटतं.

मी पाहत बसलो. अर्धा तास पाहिलं. बोल्ट गोलच राहिला.

शेवटी हमरस्त्यावरच्या गॅरेजातल्या चाचांना फोन केला. ते मोटरसायकलवर आले, मागे सतरा-अठरा वर्षांचा पोऱ्या, त्याच्या मांडीवर रेक्झिनची पिशवी. पिशवीत पंधराएक हत्यारं असतील. चाचा खाली वाकले, बोल्टवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “तेराचा लावलात ना साहेब? हा अर्ध्याचा आहे.”

मोजपट्टी नाही, व्हर्नियर नाही. मग पोऱ्याने पिशवीतून एक जुनी, काळी पडलेली, आतून बारा कोनांची बाराची गोटी काढली. ती त्या गोल झालेल्या डोक्यावर हातोड्याने ठोकून बसवली. कोनांनी लोखंडात दात रोवले. लांब दांडा लावला, एक सावकाश दाब दिला, आणि बोल्ट फिरला. नंतर गोटीत अडकलेला बोल्ट त्याने पंचने ठोकून बाहेर काढला आणि गोटी परत पिशवीत टाकली. “ही ह्याच कामाची,” तो म्हणाला.

चांगलं हत्यार घ्या, जपा, ते झिजत नाही, हा पिर्सिग यांचा सल्ला. पण या गोटीचा उपयोग ती झिजलेली होती, चुकीच्या मापाची होती आणि तिच्यावर हातोडा मारताना कुणाच्या जिवावर येत नव्हतं, यात होता. माझ्या पेटीतल्या चकचकीत बाराच्या गोटीवर मी हातोडा मारला नसता.

चाचांनी जाताना एक प्रश्न विचारला. “झाकण खोलायच्या आधी तेल भरायचा प्लग उघडतो का, ते बघितलं होतं?” मी बघितलं नव्हतं. भरायचा प्लग आधी उघडायचा, मगच आतलं तेल काढायचं, हा नियम आहे. उलट केलं आणि भरायचा प्लग गंजून बसलेला निघाला, तर तेल नसलेली गाडी अंगणात उभी राहते. हत्यारं निवडायची ती कामाच्या क्रमाने, हे मला तेव्हा कळलं. मी दुकानाच्या मांडणीच्या क्रमाने घेतली होती.

३

पिर्सिग यांच्या पुस्तकात एक गॅरेजही आहे. निवेदक गाडी दुरुस्तीला टाकतो. तिथे मोठ्याने रेडिओ चालू आहे, पोरं हसतखेळत काम करतायत. त्यातला एक जण नीट न जुळवलेल्या ॲडजस्टेबल पान्याने टॅपेटची झाकणं गोल करतो, मग ती छिन्नी-हातोड्याने काढायला जातो आणि फोडतो. गाडीचा मूळ बिघाड मात्र एका क्षुल्लक पिनेचा असतो आणि तो त्यांना सापडत नाही. या पोरांचं काय चुकलं, यावर पिर्सिग यांचं उत्तर असं: त्यांना कामाची आस्था नव्हती. ते प्रेक्षकासारखे काम करत होते.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी मान डोलावली होती. प्रत्येकाला असं एक गॅरेज आठवतं. पण आता त्या प्रसंगाकडे पाहताना मला एक प्रश्न पडतो, जो निवेदकाला पडत नाही: त्या झाकणाच्या मापाचा पाना त्या पोराकडे होता का? असला तर तो कुणाचा होता, कुलपात होता का, मागितला असता तर मिळाला असता का?

चाचांच्या गॅरेजात मी नंतर बरेच रविवार घालवले. तिथे हत्यारं चाचांची. पोऱ्याची स्वतःची म्हणावी अशी दोन: एक स्क्रू-ड्रायव्हर आणि एक पक्कड. दहाचा रिंग पाना कुठे पडला तर संध्याकाळपर्यंत शोधायचा. माझी पेटी पहिल्यांदा पाहिली तेव्हा त्याने सगळ्यात आधी रॅचेट उचललं, कानाशी धरून हळूहळू फिरवलं आणि विचारलं, “बहात्तर दाती आहे का?” होतं. मला ते आकडे म्हणून माहीत होतं; वेष्टनावर छापलं होतं. त्याला ते का हवं ते माहीत होतं. बहात्तर दात म्हणजे दर पाच अंशांना एक टिक. चासी आणि प्रोपेलर शाफ्टच्या मधल्या चिंचोळ्या जागेत हात जेमतेम तेवढाच हलतो. चोवीस दातांचं रॅचेट तिथे पंधरा अंश मागतं आणि अडतं. फोर-व्हीलला प्रोपेलर शाफ्ट दोन, त्यांचे क्रॉस दुप्पट, म्हणजे अशा चिंचोळ्या जागाही दुप्पट.

माझ्या त्या पेटीची किंमत त्याच्या महिन्याच्या पगाराच्या आसपास होती. हे मी त्याला सांगितलं नाही. त्याला माहीत असणार.

आस्था हवीच. पण आस्थेला माप असतं आणि ते माप विकत घ्यावं लागतं. हे पिर्सिग यांना दिसत नाही, कारण त्यांच्या पुस्तकात हत्यारं ज्याची आहेत तोच काम करतो आणि गाडीही त्याचीच असते. हात, पाना आणि गाडी तिन्ही एकाच मालकाचे असले की बिघाड हा मनाचा प्रश्न होतो. आपल्याकडे बहुतेक वेळा ही तीन वेगळी माणसं असतात. पुस्तकातल्या त्या पोराने छिन्नी का उचलली, याचं एक उत्तर त्याच्या मनात असेल. दुसरं उत्तर भिंतीवरच्या पान्यांच्या रिकाम्या खिळ्यावर असू शकतं.

४

क्रॉफर्ड यांना हा प्रश्न जास्त दिसतो. शिकागो विद्यापीठातून राजकीय तत्त्वज्ञानात डॉक्टरेट केलेला हा माणूस वॉशिंग्टनमधली अभ्याससंस्थेतली नोकरी सोडून मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान काढतो आणि विचार करणं व हाताने करणं यांची फारकत कशी झाली, याचा शोध घेतो. कारखान्यात ‘शास्त्रीय व्यवस्थापन’ आलं, टेलर आले, कामगाराच्या डोक्यातलं ज्ञान काढून व्यवस्थापकाच्या कागदावर नेलं गेलं, ही त्यांची मांडणी. आणि आता तेच बैठ्या कचेऱ्यांतल्या कामाचं होतंय, हा पुढचा मुद्दा. दिवसभर तिकिटं बंद करणाऱ्या माझ्यासारख्याला तो झोंबतो. मी लिहिलेल्या कोडचा बोल्ट कधी गोल होत नाही. चूक झाली तर मागच्या आवृत्तीवर जाता येतं. डिफरन्शिअलच्या बोल्टला मागची आवृत्ती नसते. क्रॉफर्ड म्हणतात त्याप्रमाणे वस्तू आपल्याला खोटं बोलू देत नाही. हे खरं आहे आणि त्याचं आकर्षणही खरं आहे.

पण त्यांचा इतिहास इथे जसाच्या तसा लागू होत नाही. आपल्याकडे हात आणि डोकं यांची फारकत करायला टेलर यावे लागले नाहीत. ती जन्मानेच ठरलेली होती. लोखंड कुणी तापवायचं, लाकूड कुणी तासायचं, चामडं कुणी कमवायचं हे गावात आधीच वाटलेलं होतं, आणि त्या वाटपात ज्ञान एका बाजूला होतं, मान दुसऱ्या बाजूला. आंबेडकरांनी १९३६ साली दाखवून दिलं होतं की जातिव्यवस्थेने कामांबरोबर काम करणारी माणसंच एकमेकांपासून तोडली आहेत. क्रॉफर्ड नोकरी सोडून दुकान काढतात तेव्हा तो त्यांचा निर्णय असतो आणि त्याचं पुस्तक होतं. चाचांच्या पोऱ्याने दुकानात येणं हा कुणाचा निर्णय होता?

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आम्हाला वर्कशॉप नावाचा विषय होता. लोखंडाचे दोन चौकोनी तुकडे कानशीने घासून एकमेकांत बसतील असे करायचे. ‘जॉब’ म्हणत त्याला. आमच्यातल्या बऱ्याच जणांनी तो जॉब वर्कशॉपमधल्या मामांना पैसे देऊन करून घेतला. मीही. मामांनी तो वीस मिनिटांत केला, मला चांगले गुण पडले, आणि पुढे पदवीवर ‘इंजिनिअर’ माझ्या नावापुढे लागलं. हे मी विसरलो होतो. बोल्ट गोल झाल्यावर आठवलं.

दसऱ्याला आपण हत्यारांची पूजा करतो. चाचांच्या गॅरेजातही होते. चाचा मुसलमान आहेत, पोरं हिंदू, पूजा पोरं करतात आणि पेढे चाचा आणतात. आदल्या दिवशी सगळे पाने डिझेलमध्ये बुडवून, फडक्याने पुसून, मापाप्रमाणे लावले जातात. वर्षातला तो एक दिवस, जेव्हा प्रत्येक पाना जागेवर असतो. मराठीत ‘हत्यार’ म्हणजे शस्त्रही आणि अवजारही, याचं आपल्याला कौतुक असतं. पण पुजेचा पाट हत्याराला मिळतो. ते धरणाऱ्या हाताला वेगळा पाट आपण कधी मांडलेला नाही.

५

मग हत्यारं निवडायची कशी? एवढ्या टीकेनंतर उत्तर द्यायला हवं.

आधी गाडी वाचायची. मी एक वही केली. खाली झोपायचं, एकेक बोल्ट पुसायचा, इंची की मिलिमीटर ते बघायचं, जागा आणि माप लिहायचं. दोन रविवार गेले, काहीही दुरुस्त झालं नाही. पण वहीच्या शेवटी यादी आपोआप तयार होती आणि ती लहान होती. मिलिमीटरमध्ये इंजिनसाठी आठ ते एकोणीस. इंचात खालच्या अंगासाठी सात षोडशांशपासून पाऊण इंचापर्यंत. पुढच्या चाकांच्या हबमधल्या मोठ्या नटासाठी नळीसारखा एक खास पाना, जो कुठल्याच पेटीत येत नाही. इंची पाने दुकानात ‘एएफ’ म्हणून मागावे लागतात. पुण्यात बोहरी आळीत आणि मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर ते मिळतात. नाशिकच्या सातपूरची टपारिया, जालंधरच्या कारखान्यांचा माल, सगळं शेजारीशेजारी टांगलेलं असतं. जुन्या बाजारात रविवारी आणि बुधवारी फिरलात तर जुने विलायती पानेही हाती लागतात.

जोर लावायचा तिथे सहा कोनांचीच गोटी घ्यायची, कारण ती बोल्टच्या सपाट बाजूला धरते. बारा कोनांची लवकर बसते आणि लवकर घसरते. फिक्स पाना बोल्टला दोन बाजूंनी धरतो, रिंग पाना सगळीकडून. म्हणून पहिला ढिला करायला रिंग, नंतर पटापट फिरवायला फिक्स. तीस सेंटिमीटरच्या दांड्यावर वीस किलोचा जोर म्हणजे सहा किलोग्रॅम-मीटर. दांडा दुप्पट केला की तोच हात बारा देतो. पाईप लावून हे साधता येतं, आणि बोल्ट तोडताही येतो. टॉर्क रेंच फक्त शेवटचा कस देण्यासाठी, उघडण्यासाठी कधीच नाही. आणि गंमत म्हणजे मिलिमीटरच्या गोट्याही जगभर इंची चौकोनावरच बसतात: पाव, तीन अष्टमांश, अर्धा. मेट्रिक जगाच्या पोटात इंच अजून तसाच आहे.

या सगळ्याच्या आधी मात्र एक खरेदी हवी, जी पिर्सिग यांच्या यादीत नाही, कारण मोटरसायकलला ती लागत नाही: घोड्या. गाडी उचलून ठेवायचे लोखंडी स्टँड. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. जीपखाली झोपलेल्या माणसावर आणि जमिनीवर मधे जे असतं ते हत्यारांतलं पहिलं हत्यार. ते चकाकत नाही, त्याला दात नसतात, त्याचे फोटो कुणी काढत नाही. मी ते पेटीनंतर सात महिन्यांनी घेतलं. त्याआधी विटा आणि लाकडाचे ठोकळे होते, हे आई-बाबांना अजून सांगितलेलं नाही.

पिर्सिग आणि क्रॉफर्ड दोघांनीही मला गाडीखाली नेलं, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. हाताच्या कामात बुद्धी असते हे त्यांनी पटवून दिलं. ती बुद्धी माझ्या शेजारी कधीची होती आणि मी तिला ‘ए पोऱ्या’ म्हणत होतो, हे मात्र मला त्यांच्याकडून कळलं नाही.

पोऱ्याला मी इंची रिंग पान्यांचा सेट घेऊन दिला, असा शेवट करता आला असता. मी विचारलं होतं. तो म्हणाला, “चाचांच्या दुकानात माझं काही ठेवलं तर ते दुकानाचं होतं. राहू दे.” मग तो माझ्या वहीकडे बघत बसला. त्याने दोन चुका काढल्या. गिअरबॉक्सच्या माउंटिंगचा बोल्ट मी चौदा लिहिला होता. तो नऊ षोडशांश आहे, १४.२९ मिलिमीटर, त्यावर चौदाचा पाना बसतच नाही, पंधराचा ढिला होतो. मी तो पाना लावून न बघता डोळ्यांनी लिहिला होता.

मी खोडून दुरुस्त केलं. चौदा पुसून नऊ षोडशांश.